मुळं चाचपून घेतलेलं रोप

मास्तर इस्पितळात होते त्या तीन आठवड्यांत त्यांच्या बायकोनं खिडकीतल्या सगळ्या ऑर्किडांना रोज पाणी घातलं. बाकीची तारेला टांगलेली. पाणी आलं तसं गळून गेलं, ती वाचली. मेलं ते मास्तरांच्या लाडाचं. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला कळ्यांचा दांडा फुटला होता, म्हणून बाईंनी त्याची कुंडी चांगल्या चिनी मातीच्या वाडग्यात बसवली. वाडग्याला भोक नव्हतं. मुळं कुजली, दांड्यानं मान टाकली. अति माया केली की असंच होतं, हे दोन पोरं वाढवूनही बाईंना कळायचं राहिलं होतं.

मास्तर उद्या घरी येणार होते. डावी बाजू गेलेली, जीभ जड झालेली, पण रोज एकच विचारायचे, कळी उघडली का. बाई रोज सांगायच्या, अजून नाही. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन बोलले, ते त्यांनी दाराआडून ऐकलं होतं. पुढच्या बहरापर्यंत मास्तर असतील असं काही ते म्हणाले नव्हते.

म्हणून त्या सकाळीच बाजारात रोपवालीकडे गेल्या. तिच्या फळीवर अगदी तसंच जांभळं, फुललेलं रोप होतं. मास्तर वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, त्यामुळे रोपवालीनं चौकशी केली आणि बाईंनी वाडग्यासकट सगळं सांगून टाकलं. रोपवालीनं फुललेली कुंडी पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"फुलावरचं रोप मास्तरांनी कधी नेलंय का, वहिनी? शेजारणीचं पोर कडेवर मिरवण्यातला प्रकार, असं मलाच ऐकवायचे. आधी मुळं चाचपायची, मग भाव विचारायला तोंड उघडायचं. उजवा हात चालतो ना त्यांचा?"

"चालतो."

"मग हात लावताच ओळखतील."

ती आत गेली आणि कोळशाच्या तुकड्यांत रोवलेलं तीन पानांचं एक रोडकं रोप घेऊन आली. त्याच लाडक्या रोपाला फुटलेलं पिल्लू. दोन वर्षांपूर्वी तिची रोपं रोगानं गेली, तेव्हा मास्तरांनीच आणून दिलेलं. विकायचं तिच्या जिवावर आलं होतं. फुलायला अजून तीन वर्षं तरी लागतील, असं तिनं न विचारताच सांगितलं.

बाई दोन्ही कुंड्यांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मागच्या गिऱ्हाइकानं दोनदा घसा खाकरला. मग त्यांनी रोडकं उचललं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना उशीला टेकवून बसवल्यावर बाईंनी कुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"तुमचं रोप मी मारलं. वाडग्यात बुडवून. आणि तुम्हाला रोज खोटं सांगितलं. हे त्याचंच पिल्लू."

मास्तरांनी कुंडी जवळ ओढली.

"चांगल्या... वाडग्यात?"

"चांगल्या."

त्यांच्या तोंडाची चालती बाजू किंचित हलली. मग उजव्या हातानं त्यांनी बाईंचं बोट धरलं आणि कोळशात घालून एका मुळावर टेकवलं. मूळ टणक होतं, हिरवं, गार.

"हे... भरलेलं. आज पाणी नको." त्यांनी दम घेतला. "पांढरं पडलं... की घाल. मी नसलो... तरी."

बाईंनी मान हलवली. बोट मात्र तिथंच राहू दिलं.