वास आहे का?

माझं नाक फार तिखट आहे. माहेरी सगळे मला त्यावरून चिडवायचे. शेजारच्या घरात दूध करपायला लागलं की त्या घरातल्या बाईच्या आधी मला कळायचं, आणि ज्ञानेश बाहेर काय खाऊन आलाय ते तो बूट काढत असतानाच मी सांगते. "दीपमाला, तू पोलिसात पाहिजे होतीस," असं तो म्हणतो. नवऱ्याने बायकोचं केलेलं कौतुक आमच्या घरात एवढंच.

असल्या नाकाच्या बाईने तळवड्यात नदीच्या अंगाला राहायला येऊ नये. आम्ही आलो. ज्ञानेशची कंपनी चाकणला, पूल ओलांडला की निघोजे, पुढे सरळ रस्ता, म्हणून इथलं घर भाड्याने घेतलं. मागच्या गॅलरीतून इंद्रायणी दिसते. दिसते म्हणजे काय, जिथे पाणी असायला हवं तिथे पांढरा फेस दिसतो. त्याचा वास दारं-खिडक्या लावल्या तरी आत येतो. सडकी अंडी, साबण आणि जळकं रबर एकाच पातेल्यात उकळत ठेवल्यासारखा वास. आल्या दिवसापासून मी ज्ञानेशच्या मागे लागले होते की इथून हलू या. माझं एक वेळ जाऊ दे, पण रेवती पाच वर्षांची, सारखी खोकायची. गॅलरीचं दार उघडलं की तोंड वाकडं करून "शी!" म्हणायची. पोरीला इथून बाहेर काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

ज्ञानेश म्हणायचा, "कसला वास? एवढी लोकं राहतेत की इथं. त्यांना नाकं न्हाईत का?"

मग मी म्हटलं, थांब, लोकांनाच विचारते. पुण्यातल्या एका संस्थेचं सर्वेक्षण चालू होतं. प्रदूषण, बदलतं हवामान, याबद्दल सामान्य माणसाला काय वाटतं ते घरोघर जाऊन विचारायचं आणि मोबाइलवर हो, नाही, सांगता येत नाही, यातलं एक बोट लावून निवडायचं. ते काम मी घेतलं. दोनशे लोकांनी "हो" म्हटलं की ज्ञानेशच्या नाकासमोर फोन धरायचा, असा माझा बेत होता. प्रश्न कुणीतरी इंग्रजीतून आणलेले दिसत होते. "वातावरणीय बदलांमुळे आपण चिंतित आहात का?" असं विचारलं की लोक मला विमा विकायला आल्यासारखे बघायचे. एकच प्रश्न साधा होता. "आपल्या परिसरात वास आहे का?"

तळवड्यात सगळे "नाही" म्हणाले. अगदी सगळे. एक बाई नाल्याच्या वर असलेल्या गॅलरीत पापड वाळत घालत होती. मला बोलताना नाकाला पदर लावावा लागत होता आणि ती निवांत म्हणाली, "पूर्वी यायचा. आता काही वाटत नाही." मला हसू आलं. मग आयटीतला एक मुलगा म्हणाला, "आता काही वाटत नाही." चिपळूणकडचे एक काका म्हणाले, बीडची एक सुतारीण म्हणाली. प्रत्येकाची बोली वेगळी, पण हे वाक्य मात्र सगळ्यांचं सारखंच, एकाच सुरात. आणि ते बोलायच्या आधी प्रत्येक जण क्षणभर नदीकडे मान वळवायचा. कुणीतरी नावाने हाक मारल्यावर आपण बघतो ना, तसं. हे लक्षात आल्यावर माझं हसू मावळलं, आणि मी पुढची घरं भराभर उरकायला लागले.

निघोज्याला गेले तेव्हा शाळेला सुट्टी होती, म्हणून रेवतीला बरोबर घेतलं. तिथे छबूबाई भेटल्या, गावातल्या जुन्या घराण्यातल्या. जमिनी गेल्या, त्यावर भाडेकरूंच्या खोल्या उठल्या, पण म्हातारीने नदीकडचा ओटा सोडलेला नव्हता. त्या लसूण सोलत होत्या. त्यांचे यजमान आबाजी पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत, आमच्याकडे पाठ करून, नदीकडे बघत बसले होते. आम्ही आलो तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मी फोन काढला आणि विचारलं, "आजी, तुमच्या परिसरात वास आहे का?"

छबूबाईंचे हात थांबले. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि आवाज खाली आणला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? येतोच की."

"येतो न्हाई, बाई. हाय. तिचा वास हाय हितं."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी नाकाचं विचारत होते आणि म्हातारी देवीचं सांगत होती. पिंपळावर मुंजाचा वास आहे म्हणतात, तसला वास. मी तिथेच प्रश्न समजावून सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण नाक तिखट असलं की ते खुपसायचीही सवय असते. मी विचारलं, "कुणाचा?"

"आसरांचा. पान्यातल्या देव्या त्या, खालच्या डोहात व्हत्या. आमच्यात नवरीच्या आदी डोहाला हळद लागायची. अवसंला दहीभात, हिरवा चुडा, समदं करायचो आमी. आता डोह कुटं हाय? निस्ता फेस. माणसाला हात घालवंना, त्यात ती कशी ऱ्हाईल? मंग कुटं जाईल बिचारी?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "माणसात आली."

"माणसात म्हणजे?"

"पयल्यांदा नाकात येती. लई तरास देती, डोकं उठतं, उमासं येत्यात. तवर भ्याचं काय न्हाई, तवर ती भाईर असती. मंग एका दिशी काय बी वाटंना व्हतं. त्या दिशी समजायचं, आत बसली."

त्यांनी हनुवटीने नवऱ्याकडे दाखवलं. "आमच्या ह्यांच्यासारखा भांडखोर मानूस पंचक्रोशीत नव्हता. पानी नासलं म्हनून कंपन्यांच्या गेटावर जाऊन बसायचे, साह्यबाच्या टेबलावर त्या पान्याची बाटली आपटायचे. एका दिशी घरी आले आनी म्हनले, छबे, आता काय वाटत न्हाई. तवापासनं हितं बसल्यात."

मी जरा मोठ्याने विचारलं, "आबाजी, बरं आहे ना?"

आबाजींनी मान वळवली. चेहरा किती प्रसन्न होता म्हणून सांगू! "झकास," ते म्हणाले. वाऱ्याने फेसाचा एक गोळा उडत आला आणि त्यांच्या गालावर बसला. त्यांनी तो पुसला नाही. तो तिथेच हळूहळू विरत गेला आणि ते पुन्हा नदीकडे वळले.

"तुमाला येतो ना अजून?" छबूबाईंनी विचारलं.

"येतो हो. डोकं फुटायची वेळ आलीय."

"मंग बरं हाय. आनी ह्या पोरीला?"

"तिचं नाक माझ्यावर गेलंय," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"इचारा तिला."

रेवती केव्हाची आबाजींच्या खुर्चीपाशी जाऊन उभी होती, खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून, नदीकडे तोंड करून. आमच्या घरात दोन मिनिटं एका जागी न थांबणारी पोर. मी विचारलं, "रेवती, वास येतोय ना गं?"

तिने खरोखर विचार केला. मग म्हणाली, "कसला?"

मी अडाणी नाही. बी.एस्सी. झालेय. नाकाला सवय होते, मेंदू तोच तोच वास बाजूला टाकतो, हे मला पाठ आहे, आणि पूल ओलांडेपर्यंत मी ते मनात घोकत होते. घरी आल्यावर मी तिचे डोळे बांधून तिच्या नाकाखाली हिंग धरला, लिंबू धरलं, फिनेल धरलं. सगळं अचूक ओळखलं तिने. मग गॅलरीचं दार उघडलं. मला उमासा आला. ती म्हणाली, "आता काहीच नाही धरलंस तू."

त्या दिवसापासून तिचा खोकला गेला. डॉक्टर म्हणाले, चांगलंच झालं की. ज्ञानेश म्हणाला, "बघ, झाली की नाही सवय?" माझा पारा चढला. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "तू मला आज खरं सांग. तुला हा वास येतो का?"

त्याने आधी गॅलरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आता काही वाटत नाही," तो म्हणाला. ज्ञानेश औशाचा, तिकडच्या बोलीत त्याच्या तोंडी "वाटत न्हाई" यायला हवं होतं. मी बॅग भरली आणि पोरीला घेऊन माहेर गाठलं.

आमचं गाव औशापासून जवळच. एसटीतून उतरले आणि छातीभर श्वास घेतला. कडब्याची गंजी, सारवलेलं अंगण, चुलीवरची भाकरी, सगळे वास मला ओळखीने भेटायला आले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटलो. तेवढ्यात रेवती अंगणात ओकली.

"आई, शी! किती घाण वास येतोय इथे!"

माझ्या आईला राग आला. मग तिने उंदीर मेलाय का म्हणून माळवदापर्यंत सगळं घर धुंडाळलं. काही नव्हतं. रेवतीला दुधाला वास यायचा, भाकरीला यायचा, आजीने जवळ घेतलं तर आजीच्या पदराला यायचा. फ्रॉक नाकावर ओढून ती कोपऱ्यात बसायची. खोकला परत आला, आधीपेक्षा जोरात. औशाच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, तपासण्या केल्या, काही निघालं नाही. आईने मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढली. झोपताना रेवतीची कूस मी बदलून द्यायचे, तरी जाग आल्यावर ती मावळतीकडेच, पुण्याच्या दिशेला तोंड करून असायची.

"लेकरू वाळून चाललंय गं," आई म्हणाली. "तिला काय पायजे ते तरी इचार." मला विचारायची गरज नव्हती. रेवती दिवसभर तेच म्हणत होती. "घरी चल."

ज्ञानेश मित्राची गाडी घेऊन आला. पोरीच्या पायांत चपला मीच घातल्या. जिला तिथून बाहेर काढायचं म्हणून मी जिवाचं रान केलं, तिला मीच उचलून गाडीत ठेवलं, आणि आई दारातून "सांभाळून जा गं" म्हणत राहिली.

वाटभर ती माझ्या मांडीवर मलूल पडून होती. देहू-आळंदी रस्त्याला लागलो आणि काचा बंद असूनही वास आत आला. माझं कपाळ ठणकायला लागलं. रेवती उठून बसली. तिने स्वतःच्या हाताने काच खाली केली, तोंड बाहेर काढलं आणि महाबळेश्वरला गेलेली माणसं घेतात तसा लांब श्वास घेतला. मग आणखी एक. तिच्या गालांवर रंग चढताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

"आई, भूक लागली," ती म्हणाली.

घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी कुकर लावला. तिने गॅलरीतच जेवायचा हट्ट धरला. मी दार उघडलं, तिच्यापुढे बसले आणि वरणभाताचा एकेक घास भरवायला लागले. खाली नदीचा फेस काठाला लागला होता. माझे डोळे चुरचुरत होते, आणि तरी मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. पोरगी जेवत होती. आत कुणी का बसलेलं असेना, माझी पोरगी मागून मागून जेवत होती.

"आई, तू का रडतेस?"

"वास येतोय गं फार."

तिने आधी नदीकडे बघितलं. मग वरणाने माखलेला हात माझ्या गालावर ठेवला आणि मोठ्या माणसासारखी समजूत काढत म्हणाली, "जाईल. थोडे दिवस लागतात."

मी पुढचा घास तिच्या तोंडापर्यंत नेला.