साखरा पॅटर्न

अरे ऐका तरी, मधी बोलू नका. आपली वसमतची साक्षी, व्हय, तीच, बायकांच्या हार्मोनच्या अभ्यासात लागलेली, तिनं साखऱ्यात जाऊन एक नवा रोग शोधून काढला. चांगला नऊ दिवस टिकला तो रोग.

झालं असं. पाळी काहून चुकती, दिवस काहून राहत न्हाईत, पोरींच्या हनुवटीवर केस काहून येतात, याचा अभ्यास एका मेडिकल कॉलेजनं काढलेला. साक्षीच्या वाट्याला साखरा गाव. तिथल्या अठ्ठावन्न जणींना तिनं एकेक कार्ड दिलेलं. पाळी आली की त्या तारखेवर लाल टिकली मारायची. महिन्याला साक्षी जाऊन कार्ड बघणार अन् बावीस प्रश्नांचा फॉर्म भरणार. फ्रिज हाय का, कपाशीवर फवारणीला जाता का, कुटुंब नियोजनाची गोळी घेता का, सगळं.

नोकरी सहाच महिन्यांची. दिवाळीनंतर दोघांतून एकालाच तीन वर्षं ठेवणार होते, साक्षीला न्हाईतर तिच्यासंगंच लागलेल्या चिन्मयला. अन् साक्षीला ती जागा इतकी पाहिजे होती, इतकी पाहिजे होती, की तिनं घरी आधीच मिळाली म्हून सांगून टाकलं. भीमराजकाकांनी, म्हंजे तिच्या वडलांनी, ते काम करतात त्या एसटी डेपोत पेढे बी वाटले. आता माघारी फिरायला रस्ता न्हाई!

ऑक्टोबरात तिनं कार्डं मांडली अन् डोळेच फाटले. अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस जणींची सप्टेंबरातली टिकली लेट. कुणाची आठ दिवस, कुणाची दहा. आधीचे महिने बराबर, अन् मग सगळ्या एकदमच लेट.

"मोजायला चुकली असशील," चिन्मय म्हणला.

"तीनदा मोजलं."

"मग चौथ्यांदा मोज."

पण साक्षी कशाची मोजती! तिला आठवलं, ऑगस्टात गावात नवा बोअर पडला. संपलं. पाण्यातच काहीतरी हाय. तिनं बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली अन् एका बैठकीत अकरा पानांचा रिपोर्ट हाणला. रोगाला नाव बी दिलं, 'साखरा पॅटर्न'. मग आरशापुढं उभं राहून परदेशातल्या परिषदेत करायचं भाषण करून बघितलं. तिकडं थंडी असती, साडीवर स्वेटर कसा दिसंल, इथपर्यंत बाई पोचली होती.

सरिता मॅडम म्हंजे या अभ्यासाच्या मोठ्या डॉक्टर. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, परत लावला अन् म्हणल्या, "मी सोता येते गावात."

मॅडमसंगं चिन्मय बी आला अन् अंगणवाडीत बाया जमल्या. साक्षीनं घसा साफ केला.

"ताईंनो, घाबरू नका. सप्टेंबरात तुमच्यातल्या एकेचाळीस जणींची पाळी एकाच वक्ताला पुढं गेली. याला तुमचा नवा बोअर कारण असू शकतो."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. गंगूताई पुढंच बसलेली, गावातली सगळ्यात तोंडाळ बाई. तिनं इचारलं, "सप्टेंबर म्हंजे भादवा ना गं माय?"

"व्हय."

"मग म्हालक्षम्या होत्या की!"

"त्याचा काय संबंध?"

"आगं, तीन दिवस सोवळं, सोळा भाज्या, पुरणाचा सैपाक. त्यात अडचण आली तर देवीपुढं कोण उभं राहील, तू? मेडिकलातून गोळी आणली, ढकलली पाळी पुढं."

"आमी दोघी जावांनी एका पाकिटात भागवलं!" मागून कुणीतरी ओरडलं. गावची आशा वर्कर जनकाबाई, ती बी तोंडाला पदर लावून हसून राहिली.

"पण मी इचारलं होतं की, गोळी घेता का म्हून! सगळ्यांनी न्हाई सांगितलं!"

"तू लेकरं न होण्याची गोळी इचारली, बाई. ही म्हालक्षम्यांची गोळी."

आता साक्षीच्या घरी बुद्धवंदना. म्हालक्षम्या म्हंजे तिच्यासाठी शेजारून येणारं पुरणपोळीचं ताट. चिन्मयच्या घरी मात्र पिढ्यानपिढ्या म्हालक्षम्या बसतात. तिनं मोठ्या आशेनं त्याच्याकडं बघितलं. तो पंख्याकडं बघून राहिला.

"मला घरात कोण सांगतं?" तो पुटपुटला.

साक्षीला वाटलं, बोअर जरा रुंद असता तर उडी मारता आली असती. 'तरी बी पाणी तपासूच' असं म्हणायला तोंड उघडलं होतं तिनं, खोटं कशाला बोलू. पण एवढ्या बाया बघून राहिलेल्या, अन् पाण्यात काई न्हाई हे तिला कळून चुकलेलं.

"मॅडम, माझं चुकलं," ती म्हणली. "मी तारखा बघितल्या, सण बघितलाच न्हाई. फाडून टाका तो रिपोर्ट."

साक्षीनं मग आतल्या खोलीत एकेकीला बोलावून परत इचारलं. चाळीस जणींनी गोळी घेतलेली. एकेचाळिसावी गुंजन, एकोणीस वर्षांची पोरगी.

"गोळी घेतली होती?"

"न्हाई."

"मग टिकली लेट कशी?"

गुंजन ओढणीचं टोक पिळायला लागली. मग हळूच म्हणली, "ताई, मला पाच महिने झाले आलीच न्हाई. वहिनीच्या कार्डात बघून टिकल्या मारल्या. लग्नाचं बघून राहिलेत, कुणाला कळलं तर... पण तुमी सगळ्यांपुढं चुकलं म्हणल्या, मग म्हणलं आपण बी सांगावं."

साक्षीचा पेन खालीच राहिला. अकरा पानांत गुंजन कुठंच नव्हती. लाल टिकल्यांत तर ती साफ बुडालेली.

परतताना गाडीत साक्षीनं मॅडमला सगळं सांगितलं अन् वर म्हणली, "जागा चिन्मयला द्या. फकत गुंजनची तपासणी होईस्तोवर मला ठेवा."

"त्याला त्याच्या घरातलं माहीत न्हाई, गावातलं काय सांगंल?" मॅडम म्हणल्या. चिन्मय खिडकीतून सोयाबीन बघायला लागला. "तुला ठेवते, पण एकच वर्ष. दोन वर्षं त्या अकरा पानांची कापली. अन् गुरुवारी गुंजनला घेऊन ये, सोनोग्राफी करू, रक्त तपासू. तिच्या आईला काय सांगायचं ते तू ठरव."

साक्षीनं तिथंच गाडी थांबवायला लावली अन् गुंजनच्या आईला भेटायला साखऱ्याकडं माघारी चालत निघाली.