नकाशातला बारका गोल

बसा टेकून, आणि तो मोबाइल घाला खिशात. असा किस्सा सांगतो की घरी जाताना पाय जपून टाकाल.

एक सुतार होता. अंगानं दांडगा, तोंडानं फटकळ, पण लेकीपुढं नुसता मऊ. लेक-जावई भाड्याच्या एका खोलीत राहायचे, तेव्हा यानं ठरवलं, शेताच्या कोपऱ्यात त्यांना घर बांधून द्यायचं. झालं, शेजारी आडवा आला. त्याला सगळे खुंटा म्हणायचे, कारण एकदा रुतला की हलायचं नाव नाही. त्याच्याच बापानं ती जमीन सुताराच्या बापाला विकलेली. आणि आता हा म्हणे, "तो कोपरा आमचा आहे. कुदळ मारून तर बघ."

"मग मोजणी आण की!"

"मोजणी नको नि फिजणी नको. कोपरा सोड, पलीकडं कुठंही बांध."

दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. सुतारही इरेला पेटला, खोदायचं मशीनच सांगितलं. आणि ज्या दिवशी ते यायचं, त्याच सकाळी गेला लायब्ररीत. तिथं म्हणे गावाकडच्या जमिनींचे जुने नकाशे असतात, एकेका तुकड्यावर मालकाचं नाव लिहिलेलं. कागद आणायचा आणि खुंट्याच्या तोंडावर फेकायचा, बस्स.

लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, "नकाशांजवळ पेन चालत नाही. पेन्सिलच लागेल."

सुतारानं कानामागची पेन्सिल काढली. "ही काय, बाई. आंघोळीलाच तेवढी उतरते."

बाई हसल्या. रुंद, चपटा खण ओढून त्यांनी चादरीएवढा नकाशा टेबलावर पसरला. सुतार त्यात आपलं नाव शोधायला लागला. नावच नाही! त्याला दरदरून घाम फुटला.

"बाई, आमची जमीन गायब!"

"अहो, हा तुमच्या वडिलांनी घ्यायच्या आधीचा. नाव सोडा, रस्त्याचं वळण शोधा."

वळण सापडलं, रस्त्याखालची मोरी सापडली, आणि मोरीच्या अंगाला खुंट्याच्या बापाचं नाव. बाईंनी जुन्यावर प्लॅस्टिक घातलं, वर ट्रेसिंग पेपर दिला. सुतारानं एकूण एक रेघ उतरवली. मग तो कागद त्याच मापाच्या नव्या नकाशावर ठेवला, रस्त्यावर रस्ता, मोरीवर मोरी. नव्यात त्या तुकड्यावर सुताराच्या बापाचं नाव, आणि हद्द कोपऱ्याच्या पार पलीकडं!

"माझाच कोपरा! मेलास खुंट्या!"

"हळू हो, लोक वाचतायत."

कागद गुंडाळता गुंडाळता तो थबकला. "हा बारका गोल कसला? बघा, रेघांच्या नादात माशीची घाणपण गिरवली मी."

बाईंनी नकाशाच्या खालच्या खुणा पाहिल्या. "माशी नाही. विहीर आहे ती."

"छे! आमच्यात विहीर कधी नव्हतीच."

"नव्यात नाही. जुन्यात आहे."

सुतारानं पट्टी लावली. रस्त्यापासून मोजलं, मोरीपासून मोजलं. परत मोजलं. गोल बरोब्बर कोपऱ्यात. आदल्या दिवशी लेक तिथंच टाचा आपटून म्हणालेली, "बाबा, माझा ओटा इथं!"

बाहेर पळत जाऊन त्यानं बायकोला फोन लावला.

"अहो, बरं झालं फोन केलात!" ती ओरडतच होती. "मशीन आलंय, आणि हा मेला खुंटा त्याच्या पुढ्यात आडवा झोपलाय! चौघं मिळून उचलतोय आम्ही!"

"उचलू नका! झोपू दे त्याला! मशीन मागं घ्या, आणि पोरीला आधी तिथनं लांब ने!"

"तुम्हाला वेड लागलं का?"

"लागलंय. लांब ने म्हणतो ना!"

तो पोचला तेव्हा खुंटा तसाच पडलेला, अंगभर माती. सुतारानं पहार उचलली आणि लांब उभं राहून कोपऱ्यात नेम धरून फेकली. पहार हातभर मातीत रुतली, क्षणभर उभी राहिली, आणि दिसेनाशीच झाली. मग खालून, लई खालून, डुबुक असा आवाज आला. मशीनवाला मटकन खाली बसला. लेकीनं आईचा दंड धरला तो सोडेना.

"बापानं ओंडके टाकले, वर माती ओढली, नि विकून मोकळा झाला," खुंटा मातीकडं बघत म्हणाला. "एवढ्या वर्षांत ओंडके कुजले असतील, मला माहीत होतं."

"तोंड होतं ना तुला? सांगायचं की!"

"काय सांगू? माझ्या बापानं तुझ्या बापाला फसवलं म्हणून? त्यापेक्षा भांडण बरं वाटलं रे."

"आणि काल पोर तिथंच टाचा आपटत होती, तेव्हा जर..." सुतारानं खुंट्याची कॉलर धरून त्याला उभा केला. सगळ्यांना वाटलं, आता ठोकतोय. त्यानं नुसती त्याच्या पाठीवरची माती झटकली. बराच वेळ झटकत राहिला.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. असं काही बुजवलेलं तुमच्या माहितीत असेल, मग ते कुणाच्याही बापानं बुजवलेलं असो, तर उद्यावर टाकू नका. चहा नंतर प्या. उठा, आणि आधी तिथं चार काट्या रोवून या.