कडूबाईची करणी आणि हबचे दिवे

“बाई, त्यो अंगारेवाला बाबा माझ्याकडं बघू बघू पुटपुटतोय. मला लई भ्या वाटतंय.” अभ्यासिका झाडणारी विधवा कडूबाई धनश्रीच्या दारात येऊन सांगून गेली होती. धनश्री तिथली संगणकचालक. लेकराच्या तापापायी रजेवर. “काही होत नाही मावशी. ते दिवस गेले,” म्हणून तिनं दार लोटलं होतं.

दिवस गेले नव्हते. नेकनूरजवळच्या त्या गावात आज अभ्यासिकेपुढं सगळा गाव लोटला होता. लेकराला खांद्यावर टाकून धनश्री आत शिरली. संगणकांच्या तारा जिथं एकत्र येतात, त्या हबचे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकत होते. ग्रामपंचायतीचा हब, अभ्यासिकेचा, डेअरीचा. एकाला एक जोडलेले, तिन्हीकडं तेच. नेट ठप्प.

“ही झाडून गेली की दिवे नाचतेत!” बाबा गरजला. “करणी हाय! दिवस मावळायच्या आत हिला शिवंबाहेर काढा!”

मग हबवर घोंगडी टाकून तो आत वाकला. “ओम फट्, तार फट्!” दिवे शांत झाले.

“बघितलं का बे?” सरपंच आश्रुबा म्हणाला. “नेटलाबी अंगारा लागू पडतोय!”

कडूबाई भिंतीला टेकलेली, तोंडात पदराचा बोळा.

“बाबा, घोंगडी काढा,” धनश्री म्हणाली.

“देवी कोपंल, बाई!”

“कोपू द्या. माझी झोप तशीही गेलेलीच आहे.” धनश्रीनं घोंगडी ओढली. बाबाच्या मुठीत हबातून नुकतंच उपसलेलं तारेचं टोक होतं.

“मावशी, झाडताना या तारेचं काय करता?”

“लोंबकळती, पोरं तोंडात घालतेत. म्हणून त्या डब्याच्या रिकाम्या भोकात खोचते.”

ती तार लॅपटॉपसाठी नुकतीच आणलेली. एक टोक हबात, दुसरं मोकळं. कडूबाई ते खोचायची, हे बाबानं बरोबर हेरलं होतं.

“हबची तार फिरून त्याच हबात गेली, की संदेश आतल्या आत गोल फिरतात, वाढत जातात. जोडलेले सगळे हब गुदमरतात,” धनश्रीनं गावाला सांगितलं. “सरपंच तात्या, आता तुम्ही खोचा.”

आश्रुबानं टोक खोचलं. दिवे नाचले.

“तात्या, चला शिवंबाहेर!” मागून कुणीतरी ओरडलं. गाव हसला. त्या हसण्यात बाबा सटकला.

कडूबाईची माफी मात्र कुणी मागितली नाही. ती झाडू उचलून एकटीच घरी गेली. मघाशी तिला शिवेबाहेर काढायला निघालेलेच आता चहा पीत होते. धनश्रीला रागवायचंही त्राण नव्हतं.

धनश्रीचं मागणं एवढंच : नवल दिसलं तर हात जोडण्याआधी घोंगडी उचला. आणि तुमच्या गावात करणीवाली म्हणून कुण्या बाईचं नाव घेतलं जात असेल, तर आजच तिच्या दारात जा. हाक मारा. ती ओ देते का, बघा.