दीड वीत सरकलेला खांब

मित्रांनो, मी कमरेएवढ्या उंचीचा, सिमेंटचा एक जुना खांब आहे. चंदीगडच्या सेक्टर सतराच्या चौकात, एका तोंडाशी, पाच भावांच्या रांगेत मी मधोमध उभा आहे. हा चौक पायी चालणाऱ्यांचा. गाड्या आत येऊ नयेत म्हणून आम्हाला साच्यात ओतून इथे रोवलं. सुरुवातीला मला फार अभिमान वाटायचा. पण स्वस्थता कधीच नव्हती. दिवसभर गाड्या नाकाशी येऊन हॉर्न वाजवत आणि मी पाय घट्ट रोवून धरत असे.

एका थंडीत, दुपारच्या उन्हात वल्लरी आली. ती विद्यापीठात शिकवते, व्हीलचेअरवरून फिरते. सोबत अमरावतीहून आलेले तिचे वडील बाबुराव होते. बाकीच्या वाटांना पायऱ्या, म्हणून ती आमच्याकडे वळली. खुर्ची माझ्यापाशीच अडकली. चार बोटं जागा कमी पडली.

"चाल वापस, पोरी," बाबुराव म्हणाले.

"बाबा, इथे फक्त गाड्यांना बंदी आहे. मग मी काय गाडी आहे का?"

मित्रांनो, त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, मी चालणाऱ्यांचा राखणदार आहे.

समोरचे स्वेटरवाले हरबंसजी हे ऐकत होते. "मॅडमजी, आप अर्ज़ी लिखो. दस्तख़त मैं करवाता हूँ," ते म्हणाले. महिन्याभरात महापालिकेची माणसं आली आणि त्यांनी मला उपटून भिंतीला टेकवलं. वल्लरी आत गेली, कारंज्यापर्यंत गेली. माझी जागा गेली, तरी मला बरं वाटलं.

चार दिवसच. पाचव्या दिवशी त्या फटीतून एक छोटी गाडी आत घुसली. मग तीन. मग दुकानांसमोर ओळच लागली. मी भिंतीशी तिरपा पडून बघत होतो. ओरडावंसं वाटे, पण सिमेंटला आवाज कुठला!

रविवारी एक गाडी न बघता मागे आली. बाबुरावांनी लेकीची खुर्ची बाजूला ढकलली आणि स्वतः पडले. मनगट मोडलं.

"दो मिनट का काम था जी," गाडीवाला पुटपुटत होता.

सगळे ओरडले, "खंबा वापस लगाओ!" आठवड्याने गवंडी आला, सिमेंट कालवलं, मजुरांनी मला दोराने उचललं. तेवढ्यात वल्लरीने खुर्ची बरोबर माझ्या खड्ड्याच्या तोंडाशी आणून उभी केली.

"मॅडम, हटिए. आपके ही पिताजी को लगी है ना?" गवंडी म्हणाला.

प्लास्टरातला हात सांभाळत बाबुराव म्हणाले, "लावू दे ना वं. आपण दुसरीकडे फिरू."

"दुसरीकडे म्हणजे कुठे, बाबा?"

मी हवेत लोंबकळत होतो. मला परत उभं राहायचं होतं, आणि तिला अडवायचंही नव्हतं. माझा जीव असा कधीच कासावीस झाला नव्हता.

वल्लरी गवंड्याकडे वळली. "भैया, खंबा लगाना ही है. बस यहाँ नहीं, उधर."

तिने बाबुरावांचा धड हात घेतला, जमिनीवर टेकवला आणि त्यांच्याच वितीने मोजलं. एक वीत, वर अर्धी. तेवढा मी डावीकडे सरकलो, तर उजवीकडून खुर्ची जाणार होती आणि गाडी अडणार होती. गवंड्याने तिथे नवा खड्डा खणला.

तेव्हापासून आमची रांग वाकडी दिसते. काही लोक हसतात. गाड्या अजूनही हॉर्न वाजवतात, परवाच एकीने माझा कोपरा उडवला. स्वस्थता आजही नाही.

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण माझ्यासारखा खांब कुठेही रोवण्याआधी, सिमेंट ओलं असतानाच, व्हीलचेअरवरच्या कुणाला तरी तिथून एकदा जाऊन बघायला सांगा. वाळल्यावर आम्हाला स्वतःहून सरकता येत नाही.