जज आबांचा पुकारा

आबाराव आयुष्यात एक दिवसही न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले नव्हते, तरी सगळं गाव त्यांना जज आबा म्हणायचं. परतूरच्या कोर्टात ते बत्तीस वर्षं शिपाई होते आणि त्यांच्याकडं पुकाऱ्याचं काम होतं. दाराशी उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा घ्यायचं आणि शेवटी 'हाजिर हो' म्हणायचं. आवाज बापाकडून आलेला. बाप मेंढ्या राखायचा आणि माळाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मेंढीला हाक मारायचा. पेन्शन घेऊन आबाराव गावी आले तेव्हा इतका भारदस्त आवाज साध्या शिपायाचा असेल हे गावाला पटेना. आणि खरं सांगायचं तर आबारावांनीही कुणाचा गैरसमज काढला नाही.

त्यातूनच गावात एक रीत पडली. निवडणुकीचे अर्ज माघारी घ्यायच्या सकाळी सगळे पारावर जमायचे आणि आबाराव एक नाव तीनदा पुकारायचे. ज्याचं नाव, तो सरपंच. बाकीचे तिथूनच तहसीलला जाऊन आपापले अर्ज काढून घ्यायचे. तीन निवडणुका अशा बिनविरोध झाल्या. गावाला त्याचा अभिमान होता, आणि आबारावांना गावापेक्षा जास्त.

यंदा दोनच अर्ज होते. एक त्यांच्या मुलाचा, अंगदचा, आणि दुसरा कौसल्याचा. कौसल्यानं मागच्या वेळीही अर्ज भरला होता. पाण्याच्या टाकीसाठी ती घरोघर फिरली होती, बाया तिच्या मागं होत्या. तेव्हा आबारावांनी पुकारलं रामप्रसादला, कारण तो भाचा. कौसल्यानं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि जीपमध्ये बसून अर्ज काढायला गेली. ती नजर आबारावांच्या मनात कुसळासारखी रुतून होती.

माघारीला चार दिवस उरले होते. दुपारची जेवणं झाली की नात रेणू ओसरीवर पुस्तक घेऊन बसायची. ती इतिहासात एम.ए. करत होती, आणि तिच्या अभ्यासात दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला एक जज आला होता. वस्ती संपून नुसतं गवत सुरू व्हायचं, तिथं त्याचं कोर्ट. ती वाचायची, मराठीत सांगायची आणि आबाराव बाजेवर पडल्या पडल्या ऐकायचे. हा जज स्वतः कधी निवडणुकीला उभा राहिला नाही. पण कोर्टाच्या पायरीवर तो ज्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, तो राज्याच्या विधिमंडळात जायचा. दोन गव्हर्नर त्यानंच केले म्हणे. आबारावांना माणूस भलताच आवडला. जुन्या सोयऱ्याची करावी तशी ते त्याची चौकशी करायचे. घोडा कोणत्या रंगाचा, जेवायला काय, पोरंबाळं किती.

तिसऱ्या दुपारी त्यांनी विचारलं, "मंग पुढं काय झालं त्याचं?"

म्हातारपणी त्यानं आपल्याच जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, रेणूनं सांगितलं. जावयाविरुद्ध उभा असलेला माणूस खोगीर शिवणारा होता, लोकांचा लाडका. तो एक शब्द न बोलता बिऱ्हाड घेऊन निघून गेला. जावई निवडून आला.

"आणि इथं लिहिलंय आबा, की त्यानं न सांगता लोकांनी काय केलं असतं, हे त्याला मरेपर्यंत कळलं न्हाई."

आबारावांना डुलकी लागली आणि समोरचं कपाशीचं रान हळूहळू गवताचं झालं. घोड्याच्या पोटाला लागेल एवढं उंच गवत, वाऱ्यानं एका अंगाला निजलेलं. जजसाहेब लाकडी खुर्चीत पेंगत होते आणि आबाराव दाराशी पुकारत होते. नाव घेतलं की गवतातून माणूस उठायचा. रामप्रसाद टोपी झटकत उठला. अंगद उठला, पण तो पाच वर्षांचाच होता आणि त्याच्या हातात मेंढीचं पिल्लू होतं. मग त्यांनी कौसल्याचं नाव घेतलं. गवत हललं नाही. तीनदा घेतलं. लांबवर एक गाडी बिऱ्हाड घेऊन चालली होती, तिचं तोंड पलीकडं होतं. साहेबांना सांगावं म्हणून आबाराव वळले तर खुर्ची रिकामी होती, आणि सगळी माणसं त्यांनी खुर्चीत बसायची वाट बघत होती.

जाग आली. अंगद चहा घेऊन उभा होता. परवा सासरवाडीचे पाहुणे बोलावलेत, नाव जरा खणखणीत घ्या, असं तो म्हणाला. आबाराव त्याच्याकडं बघत राहिले. त्यांचा या पोरावर फार जीव होता.

माघारीच्या सकाळी पारावर सगळं गाव लोटलं. अंगद नवा सदरा घालून पुढं उभा होता. कौसल्या कडेला होती, आणि तिनं माघारीचा कागद आधीच लिहून आणला होता. आबारावांना तो कागद दिसला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि आवाज निघाला तो बारीक.

"मी जज नव्हतो, शिपाई होतो. मी नुसती नावं पुकारायचो, निकाल दुसरे द्यायचे. आज मी कुणाचंच नाव घेत न्हाई. दोन्ही अर्ज राहू द्या. गाव मत टाकंल."

कौसल्यानं कागदाची घडी घालून कनवटीला लावली. अंगद पाहुण्यांसमोरून खाली मान घालून घरी गेला, आणि त्यानंतर बापाशी एक अक्षर बोलला नाही. ताटसुद्धा तो गोठ्यात मागवायचा. आबारावांचं ताट निम्मं परत जायचं, पण ते मागं फिरले नाहीत.

मतदानाच्या दिवशी ते शाळेत रांगेला उभे राहिले. आत एका बाकावर अंगद होता, दुसऱ्यावर कौसल्या. गाव काय म्हणतंय हे त्यांना आज खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि पायांत एक हलकेपणा आला होता, गवतातून चालल्यासारखा. टेबलावरच्या कारकुनानं यादीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "आबाराव कडूबा."

जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारली. आपलं कुणी पुकारेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते नुसते उभे राहिले. कारकुनानं चष्म्यावरून बघत पुन्हा वाचलं. आबारावांचे डोळे भरून आले. कारकुनानं तिसऱ्यांदा नाव घेतलं.

"आबा," अंगद बाकावरून म्हणाला. अठरा दिवसांत पहिल्यांदाच. "हजर म्हना."

"हजर," आबाराव म्हणाले, आणि त्यांनी शाईसाठी बोट पुढं केलं.