खिसा उजवीकडे

तोंडात पाच टाचण्या धरून तिने भावाच्या पाठीवर खडूची रेघ ओढली आणि खांद्याला बोट लावून त्याला ताठ उभं राहायला खुणावलं. तोंडात टाचण्या असल्या की तिला बोलता येत नसे आणि भावाला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच विषय त्याने नेमका आत्ता काढला होता.

"ताई, याला मी धंदा म्हणतच नाही. ही संधी आहे," तो आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणाला.

घरात त्याला सगळे साहेब म्हणत. सातवीत असताना इस्त्रीच्या कपड्यांशिवाय शाळेत जायचं नाही म्हणून तो अडून बसला होता, तेव्हाचं हे नाव. पुढे बत्तीस वर्षं विजेचे मीटर तपासत दारोदार हिंडला तरी ते सुटलं नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि आता तो खरोखरच साहेब व्हायला निघाला होता. पुढच्या आठवड्यात कंपनी त्याला व्यासपीठावर बोलावून 'वरिष्ठ भागीदार' म्हणून पदक देणार होती. हा कोट त्यासाठीच होता. गडद निळा, पूर्ण अस्तराचा आणि बहिणीने शिवलेला, म्हणजे अर्थातच फुकट.

शिवणाच्या दुकानातल्या कापायच्या टेबलाच्या टोकाला तिची लेक डबा उघडून बसली होती, पण घास तोंडात जात नव्हता. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिला तीन वर्षं झाली होती आणि अजून दोन महिन्यांनी तिला कायम करणार होते. तरी तिच्या पर्समध्ये आज राजीनाम्याचं पाकीट होतं. मामाच्या कंपनीत यायचं तर पूर्णवेळ यायचं, आणि आजच कळवायचं, अशी अट होती. सकाळी तिने आईला एवढंच सांगितलं होतं, "हातात घेऊन चुरगाळल्याशिवाय तू कापड घेत नाहीस ना? मग हेही एकदा बघ. तू हो म्हणालीस तर संध्याकाळी पाकीट देऊन टाकते."

शेवटची टाचणी कोटाच्या पाठीत गेली आणि तिचं तोंड मोकळं झालं.

"तुमची कंपनी विकते काय?"

"टूल्स. ऑनलाइन मार्केटिंगची."

"म्हणजे?"

"एका टूलने जाहिरातीचं पान तयार होतं. दुसऱ्याने हजार लोकांना एका दमात ई-मेल जातो. तिसरं सांगतं, कोणी पान किती वेळ बघितलं ते."

"बरं. आणि ही घेणारा माणूस त्या पानावर विकतो काय?"

"काहीही विकू शकतो."

"तू काय विकतोस?"

साहेबांनी घसा खाकरला. "सध्या मी टूल्सच विकतो."

"आणि तुझ्याकडून घेणारा?"

"तोही सुरुवातीला टूल्सच."

"म्हणजे सुईवाल्याने सुईवाल्याला सुया विकायच्या. अरे, मग शिवतं कोण?"

लेक खुदकन हसली आणि मामाने बघितल्यावर डब्यात डोकं घालून बसली. साहेब मात्र चिडले नाहीत. हल्ली ते चिडत नसत. समोरच्याच्या शंकेवर हसायचं, हे त्यांना शिकवलेलं होतं.

"ताई, कॉम्प्युटरमधलं आपल्याला कळत नाही असं तूच म्हणतेस. मग ते सोड. माणसं बघ. ज्यांनी केलंय त्यांचे अनुभव वाच आणि मग बोल."

त्यांनी टेबलावरचा टॅब तिच्याकडे सरकवला. तिने खडूचे हात पदराला पुसले आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

पानावर माणसंच माणसं होती. हसरी, हात बांधून उभी. प्रत्येकाच्या फोटोखाली नाव आणि चार ओळी. कोणी कर्ज फेडलं होतं, कोणी मालकाच्या तोंडावर नोकरी फेकली होती. ती ओळी वाचत नव्हती. शिवणकामाच्या पस्तीस वर्षांत तिने माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघितलंच नव्हतं. तिची नजर कॉलरवर जायची, तिथून खांद्यावर, मग बटणपट्टीवर.

तिसऱ्या फोटोवर तिचं बोट थांबलं. चौकड्याचा शर्ट घातलेला दाढीवाला.

"याचा खिसा उजवीकडे कसा?"

"कोणाचा?"

"या माणसाचा. पुरुषाच्या शर्टाला खिसा डावीकडे असतो. बटणपट्टीही बायकांसारखी आहे."

"फॅशन असेल," साहेब म्हणाले. वळून बघायला गेले आणि पाठीत टाचणी टोचली तशी पुन्हा सरळ झाले.

ती पुढे सरकत गेली. अकराव्या फोटोत तोच चौकड्याचा शर्ट होता. इथे खिसा डावीकडे होता, दाढी तीच आणि नाव दुसरं. खिशाची चौकट अंगाच्या चौकटीशी जुळवायची राहिली होती आणि कोपऱ्यातली लाल रेघ दोन्ही फोटोंत एकाच जागी तुटत होती. असं गचाळ काम दोनदा अगदी सारखं होत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

आई काय सांगते म्हणून लेक तिच्या तोंडाकडे बघत होती आणि आईच्या कपाळावरची आठी तिने ओळखली.

"काय झालं, आई?"

"थांब जरा."

शेवटून दुसऱ्या फोटोत एक बाई पाठमोरी बसली होती. खिडकीजवळचं टेबल, समोर उघडा लॅपटॉप, मोरपंखी कुडता. खाली लिहिलं होतं, 'दोन मुलांची आई. नोकरी सोडून आठ महिने झाले. आता मी मागे वळून बघत नाही.'

तिने तो फोटो मोठा केला. कुडत्याचं कापड कोणाकडेही असू शकतं, बाजारात थानंच्या थानं येतात. पण बाईचा उजवा खांदा थोडा उतरता होता आणि तो उतार झाकायला कुडत्यात आतून पातळ पट्टी घातलेली होती. पट्टीची कड पाठीवर जेमतेम कळत होती. असं कोणी करत नाही. ती एकटी करते, आणि तेही एकाच गिऱ्हाइकासाठी, जिचं गळ्याजवळचं हाड सहावीत सायकलवरून पडून मोडलं होतं. पण ते डावं हाड होतं.

टॅब उचलून ती ट्रायलच्या आरशासमोर गेली आणि त्याची स्क्रीन आरशाकडे करून धरली.

"इकडे ये," ती लेकीला म्हणाली.

आरशात फोटोखालची अक्षरं उलटी झाली आणि बाई सुलटी. डावा खांदा उतरता. लेकीने आरशाकडे बघितलं आणि नकळत तिचा हात स्वतःच्या डाव्या खांद्यावर गेला.

"हा मामांच्या घरचा फोटो आहे," ती हळू म्हणाली. "मागच्या महिन्यात मला लॅपटॉपवर बसवलं होतं. म्हणाले, जरा ही यादी टाइप करून दे."

निळ्या कोटात, एक बाही लागलेली आणि एक नुसती कच्च्या टाक्यावर लोंबणारी, साहेब मधोमध उभे होते.

"चेहरा कुठे दिसतोय त्यात?" ते म्हणाले. "प्रत्येकाला तीन अनुभव द्यावे लागतात, तो नियमच आहे. आणि परकी थोडीच आहे ती, घरचीच पोर."

"तिला विचारलंस?"

"अगं, आठ महिन्यांनी तिचं तेच होणार आहे. मी फक्त आधी लिहिलं."

"दोन मुलांसकट?"

"ताई, सगळेच असं करतात. म्हणून तर फोटो उलटा करायला सांग..."

वाक्य तिथेच राहिलं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कंपनी खोटी निघाली म्हणून नव्हे. जगात लबाड कंपन्या असतात, तिला त्याचं नवल नव्हतं. राग आला तो याचा, की आपल्या माणसाला कोणी ओळखू नये म्हणून या माणसाने तिची पाठ उलटी केली होती, आणि तीच पोर त्याच्या शब्दावर हातची नोकरी सोडायला निघाली होती.

"बत्तीस वर्षं लोकांचे उलटे फिरवलेले मीटर पकडलेस तू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेव्हा घरी येऊन सांगायचास, ताई, लोकांना लाज कशी वाटत नाही. आठवतं? सांग, आता तूच सांग. कशी नाही वाटत?"

साहेबांना हसायचं शिकवलेलं होतं. ते हसायला गेले आणि तेवढ्यावरच थांबले.

लेकीने डब्याचं झाकण लावलं. पर्समधून पाकीट काढलं, क्षणभर हातात धरलं, मग आतला कागद काढून, उलगडून टेबलावर पालथा पसरला आणि हाताने सपाट केला.

"खाका काढायला कागद संपलाय म्हणत होतीस ना, आई. हा घे. मागची बाजू कोरी आहे." तिने पर्स खांद्याला लावली. "मी निघते. दुपारचे नमुने यायची वेळ झाली."

दारात ती थांबली. "मामा, तो फोटो आज काढा. संध्याकाळी मी बघणार आहे."

ती गेल्यावर साहेब आपल्या बुटांकडे बघत उभे होते. टाचण्यांमुळे त्यांना बसताही येत नव्हतं.

"मग कोट आता..." शेवटी त्यांनी विचारलं. "की राहू दे?"

"राहू दे कशाला? हातात घेतलेलं काम मी अर्धवट टाकत नाही. बुधवारी ने."

तिने टेबलावरचा खडू उचलला, त्याची धार नखाने नीट केली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. छातीच्या डाव्या बाजूला खिशाची खूण सकाळीच केलेली होती. ती तिने तळहाताने झटकून पुसून टाकली. मग टेप लावून, बाहीच्या शिवणीपासून अंतर मोजून, उजव्या छातीवर तीच खूण स्वच्छ, सरळ ओढली.

"ताई, अगं, ही बाजू..."

"फोटो काढतील ना तिथे पदक देताना?" ती म्हणाली. "उलटा करून घे."

साहेबांनी मान वर केली. समोरच्या आरशातल्या साहेबांचा खिसा मात्र डावीकडे, अगदी जागच्या जागी दिसत होता.